हाताची उचकी

क्लबात त्याला सगळे ‘प्रो’ म्हणायचे. प्रो म्हणजे गोल्फ खेळून पोट भरणारा माणूस, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रो म्हणजे ज्याला गोल्फ खेळायला वेळच मिळत नाही असा माणूस. सकाळी उजाडल्यापासून तो सरावाच्या मैदानावर उभा असायचा आणि समोर रबरी चटईवर कोणीतरी चेंडू सोडून बाकी सगळ्याला काठी मारत असायचं. चटईला, जमिनीला, हवेला, आणि एका गृहस्थांनी तर स्वतःच्या पोटरीला.

"प्रो, माझं नक्की काय चुकतंय?"

याचं खरं उत्तर ‘सगळंच’ असं होतं. पण त्या उत्तराची फी कोणी देत नाही. म्हणून तो एक खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "छान चाललंय. फक्त डोकं खाली ठेवा."

लोक शिकत नाहीत याचं त्याला दुःख नव्हतं. एकमेकांना शिकवतात, याने तो वैतागायचा. पाईपचा कारखाना चालवणारे एक सभासद होते, सगळे त्यांना पाईपवालेच म्हणत. ते काठी अशी आवळून धरायचे की जणू ती पळून जाणार आहे. प्रोने महिनाभर घसा कोरडा करून त्यांना सांगितलं, "चिमणी धरल्यासारखी धरा. उडून जाऊ नये आणि मरूही नये." महिन्याच्या शेवटी पाईपवाल्यांची चिमणी जिवंत राहायला लागली. मग ते कॅन्टीनमध्ये चहाला बसले. तिथे कोणीतरी म्हणालं, "घट्ट धरा हो, ताकद कुठून येणार?" झालं. दुसऱ्या दिवशी चिमणी मेलेली.

दुसऱ्या होत्या दातांच्या डॉक्टर. त्यांचा हात हलका होता, पण जिभेला लगाम नव्हता. काठी मागे नेताना, चेंडूवर आणताना, चेंडू झाडीत गेल्यावर, सतत बोलणं चालू. प्रोचं एक दुःख तर कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. तो त्यांच्या दवाखान्यात गेला की तोंड उघडं असूनही बोलता यायचं नाही, आणि त्या इथे आल्या की बोलता येत असूनही तोंड उघडायला मिळायचं नाही.

दिवसभर असे दुसऱ्यांचे हात पाहून घरी गेलं, की घरचेही हातच दिसायचे. मुलीने कांदा चिरायला घेतला की हा मागे येऊन उभा.

"मनगट सैल सोड. अंगठा वर."

"बाबा, मी कांदा चिरतेय. चेंडू नाही मारत."

"पकड ती पकड असते."

"आई, बघ ना गं यांना!"

आई, म्हणजे प्रोची बायको, मोटार शिकवायची. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती तिची, एक गाडी आणि गाडीला जादा ब्रेक. शिकणारा स्टिअरिंगवर, ही शेजारी, आणि हिच्या पायाखाली दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याला वाटायचं आपण गाडी थांबवली. खरं तर हिने थांबवलेली असायची. घरातही तिच्या पायाखाली कुठेतरी तो दुसरा ब्रेक असावा, अशी प्रोला दाट शंका होती. कारण त्याची गाडी जरा वेगात आली की ती नुसतं "अहो" म्हणायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं.

"आपल्या घरात दोन शिक्षक आहेत," मुलगी म्हणायची, "आणि विद्यार्थी एकही नाही."

आता खरी गोष्ट. प्रोचा उजवा हात उडायचा.

नेहमी नाही. चहाचा कप धरताना नाही, सही करताना नाही, आणि लांबचा जोरदार फटका मारताना तर मुळीच नाही. फक्त एकाच ठिकाणी. गोल्फमध्ये होलच्या भोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू मारायचा नसतो. पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने हळूच ढकलायचा असतो. लांबून ढकलायचा असला तर प्रोचा हात लोण्यासारखा चालायचा. पण चेंडू होलपासून दोन फुटांवर आला, म्हणजे लहान पोरानेही छत्रीच्या दांड्याने ढकलावा इतका जवळ आला, की पटर चेंडूला लागायच्या क्षणी मनगटात एक झटका यायचा. उचकी लागावी तसा. चेंडू मग डावीकडे, उजवीकडे, कुठेही. होलात नाही.

पाच-सहा वर्षं हे चाललं होतं आणि ते फक्त बायकोला ठाऊक होतं.

"हाताला उचकी लागते म्हणजे," ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "कोण आठवण काढतंय एवढी तुमच्या हाताची?"

त्याला हसू आलं नव्हतं. कारण दर शनिवारी तो क्लबात एक वर्ग घ्यायचा आणि तो वर्ग पंचक्रोशीत गाजलेला होता. विषय होता, दोन फुटांवरून चेंडू न चुकता होलात कसा घालावा. लोक आधीपासून जागा धरून ठेवत. प्रो तिथे उभा राहून इतकं सुंदर समजावून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने जन्मात दोनफुटी चुकवला नसेल. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. वर्गात प्रो चेंडूशिवाय पटर फिरवून दाखवायचा. चेंडू नेहमी विद्यार्थ्यांसमोर असायचा.

आणि सामन्यात? सामन्यात तो एका जुन्या रीतीवर तरून जायचा. दोघांचा सामना असला आणि समोरच्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ आला, की खेळाडू म्हणतो, "धरला." म्हणजे गेलाच असं धरून चालू, उचला. हा मनाचा मोठेपणा असतो आणि वेळही वाचतो. प्रोने या मोठेपणाचा पुरता फायदा उठवला होता. चेंडू जवळ आला की तो असा कंटाळलेला चेहरा करून चालत जायचा, असा सहज वाकायचा, असा हात पुढे करायचा, की समोरच्याला ‘धरला’ म्हणायला उशीर झाल्याची लाज वाटावी. पुढेपुढे तर हात आधी उचलायचा आणि शब्द मागून यायचे. प्रोसारख्या माणसाला दोनफुटी ढकलायला लावणं म्हणजे गवयाला सा लावून दाखवा म्हणण्यासारखं. कोण म्हणणार?

"म्हणजे तुम्ही कच्चा लिंबू," बायको म्हणाली होती. "लहानपणी खेळात धाकट्या भावंडाला घ्यायचो ना, आउट झालं तरी आउट नाही, तसे. पन्नाशी उलटलेला कच्चा लिंबू मी पहिल्यांदाच पाहतेय."

वर्षातून एकदा शेजारच्या क्लबाशी कपाचा सामना व्हायचा. दिवसभर जोड्या खेळायच्या आणि शेवटची जोडी ठरलेली : यजमान क्लबचा प्रो आणि पाहुण्यांचा कप्तान. कप्तान हौशी, म्हणून त्याला काही होलांवर एका फटक्याची सवलत. आजवर पाहुण्यांचा कप्तान एक फर्निचरचा दुकानदार होता. मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा माणूस. तो लांबूनच ओरडायचा, "धरला हो प्रो, धरला!" कधीकधी प्रोने चेंडू ढकलायच्या आधीच.

त्या वर्षी सेक्रेटरी प्रोच्या दुकानवजा खोलीत आले. हातमोजे आणि चेंडूंच्या खोक्यांमध्ये उभे राहून त्यांनी घाम पुसला. सेक्रेटरींना कशाचीही काळजी वाटायची. पाऊस पडला तर गवताची, नाही पडला तर पावसाची.

"प्रो, त्यांचा कप्तान बदललाय. फर्निचरवाल्यांचा गुडघा गेला."

"अरेरे. मग आता कोण?"

"एक बाई आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका. खेळतात बऱ्या, पण..." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "त्या कोणालाही काहीही धरून देत नाहीत म्हणे. बोटभर अंतर असलं तरी ढकलायला लावतात. म्हणतात, अख्ख्या नोकरीत मी एकालाही ग्रेसचे मार्क दिले नाहीत, आता म्हातारपणी सवय लावून घेणार नाही."

प्रोच्या हातातलं चेंडूंचं खोकं खाली पडलं. चेंडू घरंगळत चारी कोपऱ्यांत गेले. सेक्रेटरी ते गोळा करता करता पुढे म्हणाले, "आणि यंदा जरा नीट जिंका हो. कमिटीत काही जण म्हणताहेत, कॅमेरे लावून शिकवणारा एखादा तरुण कोच आणू. मी म्हटलं, आपल्या प्रोचा दोनफुटींचा वर्ग आहे तोवर कॅमेरे कशाला?"

प्रोने पळवाट शोधली. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की त्याची पाठ धरली आहे. सेक्रेटरींनी ताबडतोब एक सभासद पाठवले, ते हाडांचे डॉक्टर निघाले. त्यांनी धडधाकट पाठ दाबून दाबून खरोखर दुखवली आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. खेळलात की मोकळी होईल." दातांच्या डॉक्टरांनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली, आणि ती पाठीखाली घेऊन पडलेल्या प्रोला स्वतःच्या तीन वेगवेगळ्या पाठदुखींच्या कथा सांगितल्या. त्यापेक्षा सामना परवडला.

घरी जेवताना त्याने नव्या कप्तानबाईंची गोष्ट सांगितली.

"मग सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली.

"काय सांगू? पोहायला शिकवणारा मास्तर पाण्याला घाबरतो म्हणून? उद्या कोण येईल माझ्याकडे?"

"माझी जादा ब्रेकची गाडी आहे ना, त्यात बसून सगळ्यांना वाटतं आपल्याला येतंय. लायसन्स मिळालं की ती गाडी सोडावी लागते. तुम्ही अजून तिच्यातच बसलाय. ब्रेक दुसरेच दाबतायत."

"तुला कळत नाही. गोल्फ वेगळा आहे."

"हो का? परवा मला कुकरची शिट्टी कशी काढायची ते शिकवत होतात, तेव्हा सगळं एकच होतं."

मुलगी भातात तोंड खुपसून हसली. प्रो तिला म्हणाला, "चमचा नीट धर," आणि पानावरून उठला.

सामन्याच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. बुटक्या, ताठ, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की मैदानावर कुठेही शाळा भरावी. पहिल्याच ग्रीनवर बाईंचा स्वतःचा चेंडू होलच्या काठावर थांबला. प्रो मोठ्या उदारपणे म्हणाला, "धरला, बाई."

"तुमचा नियम तुमच्यापाशी," बाई म्हणाल्या आणि चेंडू ढकलून, होलातून काढून, पुसून मगच पुढे गेल्या. "मी मात्र धरत नाही हं. आधीच सांगते."

मग प्रोने जो खेळ केला तसा त्या मैदानावर कोणी केला नसेल. दोनफुटी उरताच कामा नये, असा तो खेळला. लांबून ढकललेला चेंडू सरळ होलात गेला तर उत्तम. नाही गेला आणि नेमका दोन फुटांवर थांबला, तर तो हसत हसत म्हणायचा, "हा होल तुमचा, बाई. मी सोडतो." अशा सामन्यात ज्याने जास्त होल जिंकले तो जिंकतो, आणि समोरच्याला अख्खा होल बहाल करणंही नियमात बसतं. बघणारे भारावून गेले. "काय दिलदार माणूस!" पाईपवाले म्हणाले. दातांच्या डॉक्टर तर तीन होल भारावूनच बोलत होत्या.

बाई मात्र भारावल्या नाहीत. एका होलानंतर त्या थांबल्या आणि चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "तुम्ही हरायचं ठरवून आलाय का? तसं असेल तर सांगा. मला मुद्दाम कोरा सोडलेला पेपर तपासायला आवडत नाही."

"नाही हो बाई. आपलं असंच."

"असंच काही नसतं."

लांबचे फटके मात्र त्या दिवशी देवाने हात दिल्यासारखे पडत होते. सोडलेले होल आणि जिंकलेले होल यांची गोळाबेरीज होत होत शेवटच्या होलावर सामना बरोबरीत आला. बाकीच्या जोड्यांचा हिशोबही बरोबरीत सुटला होता. म्हणजे कप या एका होलावर. इथेही बरोबरी झाली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे इथेच राहणार होता. सगळा क्लब ग्रीनभोवती गोळा झाला. सेक्रेटरींनी रुमाल पिळून काढावा इतका भिजवला होता. प्रोची बायको शेवटचा धडा आटपून त्याला घरी न्यायला आली होती. ती गाडीला टेकून कुंपणापाशी उभी होती.

बाईंनी आपला चेंडू होलात घातला. प्रोचा चेंडू होलपासून दोन फुटांवर, कदाचित थोडा आतच. तो गेला की जिंकलं.

प्रो चालत गेला. त्याच्या डोक्यात एकच विचार होता, आता काय करू, आता काय करू. पण अंगाला वर्षानुवर्षांची सवय. चेहरा आपोआप कंटाळला. कंबर सहज वाकली. हात पुढे झाला. आणि प्रोने चेंडू उचलला.

सेक्रेटरींच्या हातून रुमाल पडला.

"कोणी सांगितलं उचलायला?" बाई म्हणाल्या.

प्रोने हातातल्या चेंडूकडे पाहिलं. दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना पकडलं जावं तसा त्याचा चेहरा झाला. कोणी काही म्हणालं नव्हतं. कोणी धरला नव्हता. न विचारता चेंडू उचलला म्हणून एका फटक्याचा दंड, आणि चेंडू परत जागच्या जागी. म्हणजे आता तो गेला तर फक्त बरोबरी. नाही गेला तर कप पाहुण्यांच्या गाडीतून जाणार. जगभरात नवशिकेसुद्धा ही चूक करत नाहीत. ती करायला पाच-सहा वर्षं लोकांच्या कृपेवर जगलेला प्रोच लागतो.

त्याने चेंडू ठेवला. पटर घेऊन उभा राहिला. मनगटात काहीतरी आत्ताच वळवळायला लागलं होतं.

"बाई, द्या की हो!" मागून पाईपवाले ओरडले. "केवढासा आहे!"

"धरा हो बाई! चुकून उचलला बिचाऱ्याने!" दातांच्या डॉक्टर म्हणाल्या.

"बाई, मी हात जोडतो," सेक्रेटरी म्हणाले आणि खरोखर जोडले.

बिचाऱ्याने. द्या की. केवढासा. प्रोचे कान तापले. मान वर करून पाहिलं, तर बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. कितीतरी पोरांचे थरथरणारे हात त्यांनी परीक्षेच्या वर्गात पाहिले असतील. त्यांचा ताठ चेहरा थोडासा सैल झाला. ओठ हलले.

प्रोला नियम पाठ होता. एकदा समोरच्याने ‘धरला’ म्हटलं की तो धरलाच. नको म्हणता येत नाही.

"बाई, नका!" तो ओरडला. "एक अक्षर बोलू नका!"

आणि मग तो वळून सगळ्या क्लबावर उखडला. वर्षानुवर्षांचा वैताग एकदम बाहेर आला. चटईचा, चिमणीचा, पाठ दाबणाऱ्या डॉक्टरचा, सगळा.

"माझा हात उडतो! कळलं? इतक्या जवळून मला जमत नाही. पाच-सहा वर्षं जमत नाही. तुम्हाला शिकवतो आणि स्वतःला जमत नाही! आता तोंडं बंद करा आणि बघा एकदाचं!"

प्रो चेंडूवर वाकला. अशा वेळी, इतकं खरं बोलल्यानंतर, हाताने माणसाची लाज राखायला हवी होती. हाताने राखली नाही. पटर चेंडूला लागतो न लागतो तोच मनगटाला सणसणीत उचकी आली आणि चेंडू होलच्या बाजूने सुसाट निघाला, उतारावर लागला, आणि ग्रीनच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन थांबला.

सामना संपला होता. तरीही प्रो चिडून तिकडे गेला आणि तिथून, कोणी मागितलं नसताना, त्याने चेंडू परत ढकलला. तो चेंडू सगळी हिरवळ ओलांडून, मऊ वळण घेऊन, टुपकन होलात पडला. काहीही उपयोग नसलेला, त्या दिवसातला सगळ्यात देखणा फटका.

बाईंनी हात मिळवला. हळूच म्हणाल्या, "मी बोलणारच होते. वाचवलंत मला."

गाडीत बसल्यावर प्रो म्हणाला, "संपलं सगळं."

"बेल्ट लावा," बायको म्हणाली आणि गाडी सुरू केली. सिग्नलला थांबल्यावर ती पुढे म्हणाली, "मी शिकवलेली पोरं पहिल्यांदा एकट्याने गाडी नेतात ना, तेव्हा हमखास कुठेतरी ठोकतात. मग चालवायला लागतात."

"मी चालवायला नाही लागणार. मला काढून टाकणार."

"बघू."

दुसऱ्या दिवशी तो सामान आवरायच्या तयारीने गेला. सरावाच्या मैदानाशी पाहतो तर गर्दी. त्याला वाटलं, निरोप द्यायला आले असतील. ते निरोप द्यायला आले नव्हते. उपाय द्यायला आले होते.

"प्रो, श्वास रोखून धरा आणि मग ढकला," एक जण म्हणाला.

"छे! ढकलताना गाणं गुणगुणायचं."

"डावा हात खाली घ्या."

"एक डोळा मिटा."

"साखर चघळा. माझ्या मेहुण्याची उचकी साखरेनेच जाते."

कोणीतरी मागून येऊन त्याच्या कानाशी मोठ्याने "भॉक!" केलं. प्रो हातभर उडाला. "अरे, काय चाललंय हे!"

"दचकलं की जाते उचकी," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "शास्त्र आहे."

मग पाईपवाले पुढे आले, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "प्रो, चिमणी धरल्यासारखा धरा. उडून जाऊ नये आणि मरूही नये."

प्रोने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कोणी पळ काढला असता. पाईपवाले तिथेच उभे राहिले, समाधानाने.

"आणि डोकं खाली ठेवा," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आवाज खाली आणला. "प्रो, खरं सांगू? माझाही हात उडतो. तेव्हाच उडतो, असा जवळून ढकलायचा असला की. तुम्ही बोललात म्हणून बोलते."

"फक्त ग्रीनवर ना?" प्रोने विचारलं. पुढच्याच आठवड्यात त्याची दाढ काढायची होती.

"अहो, फक्त ग्रीनवर!"

"माझाही," पाईपवाले बुटांकडे बघत म्हणाले. मग आणखी एक जण खाकरला. मग आणखी एक.

सेक्रेटरी धापा टाकत आले. प्रोने मन घट्ट केलं. "सांगा. कॅमेरेवाला कधी येतोय?"

"कसला कॅमेरेवाला! शनिवारचा वर्ग भरलाय, पुढचाही भरलाय. कमिटीतले चौघे त्यात आहेत. फक्त एक अट घातलीय त्यांनी."

"काय?"

"तुम्ही नुसतं हवेत फिरवून दाखवायचं नाही. चेंडू ठेवून ढकलायचा. सगळ्यांसमोर."

प्रोने डोळे मिटले. नोकरी टिकली होती, आणि आता दर शनिवारी सगळ्यांसमोर चुकायचं होतं. याला आनंद म्हणावं की वैताग, हे त्याला कळेना. सवयीने त्याने वैताग म्हटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती पायपुसण्याला पाय पुसत एवढंच म्हणाली, "लायसन्स मिळालं म्हणायचं."

शनिवारी सरावाच्या ग्रीनभोवती दुहेरी रांग झाली. प्रोने नेहमीसारखं सुंदर समजावून सांगितलं. नेहमीपेक्षा थोडं लांबवलं. मग लांबवण्यासारखं काही उरलं नाही. त्याने चेंडू ठेवला. दोन फूट.

"श्वास रोखा!" कोणीतरी कुजबुजलं.

"गाणं म्हणा, गाणं!"

"चिमणी..."

"गप्प!" मागून आवाज आला आणि रांगेतले सगळे, कमिटीसकट, ताठ उभे राहिले. पांढरी टोपी वाट काढत पुढे आली. मुख्याध्यापिकाबाईंनी फी भरून नाव घातलं होतं. त्यांच्या क्लबात दोनफुटींचा वर्ग नव्हता. त्या ग्रीनच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "हं. चालू द्या."

प्रो वाकला. हात मागे गेला, पुढे आला, आणि ऐन वेळी मनगटाने उचकी दिली. पण यावेळी थोडी उशिरा. चेंडू डावीकडे सरकला, होलच्या काठावर चढला, मोरीच्या भोवऱ्यातल्या पाण्यासारखा गोल फिरला, बाहेर पडता पडता दमला, आणि आत गेला.

एकच जल्लोष झाला. पाईपवाल्यांनी हाडांच्या डॉक्टरांना मिठी मारली. दातांच्या डॉक्टर सगळ्यांना सांगायला लागल्या की त्यांनीच डोकं खाली ठेवायला सांगितलं होतं.

"हा धरत नाही," बाई म्हणाल्या.

"का?" प्रो उसळला. "आत आहे की! पडला की नाही?"

"हात उडाला. मी पाहिला."

"अहो बाई, होलात गेला की झालं! हात बघत नाहीत गोल्फमध्ये!"

"हा सामना नाही. वर्ग आहे. उत्तर बरोबर आहे, रीत चुकलीय. पुन्हा करून दाखवा."

प्रो तणतणत होलापाशी गेला. पाईपवाले परवडले, दातांच्या डॉक्टर परवडल्या, घरचे दोन्ही ब्रेक परवडले, असं काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटत तो वाकला. हात सवयीने पुढे गेला, चेंडूपर्यंत पोचला, आणि तिथेच थांबला.

त्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"उचलू?"

"उचला," बाई म्हणाल्या.